अर्धा घंटा वर, अर्धा घंटा खाली

नोकरीची पहिली सोळा वर्षं मी चिमट्यावर होतो. त्यातली निम्मी, म्हणजे चांगली आठ वर्षं, मी झोपून काढली. तीही कामाच्या वेळात, मालकाच्या डोळ्यांदेखत आणि भरपगारी. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जरा संशयानं बघतात. आमच्या व्याह्यांनी तर सोयरीक ठरताना विचारलं होतं, की तुम्ही सरकारी खात्यात होता का. नव्हतो. मी जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या सळया करणाऱ्या एका जुन्या मिलमध्ये होतो, आणि तिथं झोपणं हा कामाचाच भाग होता.

ज्यांनी अशी मिल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या स्लॅबमध्ये जी सळई घालतात, ती आधी पुरुषभर लांबीचा जाड ठोकळा असते. भट्टीत तापून तो केशरी झाला, की फिरणाऱ्या दोन लोखंडी रोलांच्या खाचेत घालतात. पलीकडून तो थोडा बारीक आणि थोडा लांब होऊन बाहेर येतो. तिथं एक गडी चिमटा घेऊन उभा असतो. येणाऱ्या सळईचं तोंड त्यानं चिमट्यात धरायचं, वळवायचं आणि शेजारच्या खाचेत परत घालायचं. अलीकडे दुसरा गडी तेच करतो. असं करत करत त्या ठोकळ्याची गल्लीभर लांब सळई होते. नव्या मिलमध्ये हे सगळं आता यंत्रं करतात. आमच्याकडे माणसं करायची. सळई काही थांबून विचारत नाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत उशीर झाला, तर ती मनाला येईल तिकडे जाते, आणि तिच्या वाटेत तेव्हा कुणी असू नये.

त्या आगीसमोर कुणीही अर्ध्या घंट्याच्या वर उभं राहू शकत नाही. म्हणून प्रत्येक जागेला दोन माणसं, एक जोडी. एक अर्धा घंटा वर, दुसरा अर्धा घंटा खाली. रोलसमोरची जागा दोन पायऱ्या उंच होती, त्यामुळे कामाला लागणं म्हणजे चढणं आणि सुटणं म्हणजे उतरणं. भट्टीजवळच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दर अर्ध्या घंट्यानं मिस्त्री त्यावर हातोड्यानं टोला द्यायचा. मिलच्या आवाजात माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, पण तो टोला दातांपर्यंत पोचायचा.

टोला पडला तरी चिमटा सोडायचा नाही, असा नियम होता. खालचा गडी चढून मागून यायचा आणि वरच्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. मग वरच्यानं डावा पाय मागं घ्यायचा, खालच्यानं उजवा पाय पुढं टाकायचा, आणि गरम चिमटा या हातातून त्या हातात जायचा. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही. पाठीवर तो हात पडेपर्यंत जागा तुमची. हात पडला की मिलमध्ये काय होतं त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

माझा जोडीदार मल्हारी. हसनाबादजवळच्या एका वाडीचा. त्याचे बाप-आजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. बापानं शेवटी मेंढरं विकून दोन तुकडे कोरडवाहू जमीन घेतली, आणि मल्हारी मिलमध्ये आला. सोळा वर्षं आम्ही जोडीदार होतो, पण पाळीत एकदाही बरोबर चहा प्यायलो नाही. मी खाली तेव्हा तो वर, तो खाली तेव्हा मी वर. माझी बायको चंद्रकला म्हणायची, "नवरा-बायकोचंबी असंच असतं, फक्त तिथं टोला नसतो."

पहिल्या महिन्यात मला खाली झोप यायची नाही. मिलच्या मागं एक मोठा कडुलिंब होता, त्याच्याखाली दगडी ओटा. मी त्या ओट्यावर मिलकडे तोंड करून बसायचो. एकदा पाळी सुटल्यावर हौदावर हातपाय धुताना मल्हारीनं विचारलं.

"अंबादास, काय करत व्हतास रे खाली बसून?"

"काही न्हाई. बघून राह्यलो व्हतो, तू बराबर पकडतो का न्हाई ते."

"म्हंजी तुह्या पाळीत तू वर, अन् माह्या पाळीतबी तूच वर. मंग म्या कशाला पाह्यजे?" त्यानं डोक्यावर पाण्याचा डबा ओतून घेतला. "उतरलास ना, मंग बिलकुल उतर. डोकं वर ठिवून नुसते पाय खाली आणू नको."

दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी त्यानं मला उतरायला शिकवलं. आधी पाय धुवायचे. मग ओलं फडकं मानेवर. मग मीठ-लिंबाचं पाणी, दोनच घोट, घटाघटा नाही. मग मिलकडे पाठ करून बसायचं, आणि सगळ्यात लांब जे दिसेल त्यावर डोळे ठेवायचे. आमच्या कडुलिंबाखालून एमआयडीसीच्या पत्र्यांच्या पलीकडे एक निळसर टेकडी दिसायची. ती बघत मनात एवढंच म्हणायचं, की वर माणूस आहे.

"माहा बाप काठीला टेकून उभ्या उभ्या झोपायचा," मल्हारी म्हणाला. "दोनशे मेंढरं समोर अन् हा ढाराढूर. म्या इचारलं, बा, लांडगा आला तर? तर म्हणे, कुत्रं जागं हाये ना. कुत्र्यावर इश्वास न्हाई ठिवायचा, मंग ते पाळायचं तरी कशाला?" आणि हसून म्हणाला, "तव्हा तू मला कुत्रं समज अन् झोप."

आठवडाभरात जमलं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत आधी लाल रेघा पोहत राहायच्या. त्या हळूहळू निवायच्या. मिलची घरघर लांब जायची, पाटात पाणी सुटल्यासारखी वाटायला लागायची, आणि त्या पाण्यातून आमची बैलगाडी निघायची.

हे जरा सांगायलाच हवं. माझं गाव घनसावंगी तालुक्यातलं. लहानपणी रामनवमीला वडील गाडी जुंपून आम्हाला जांब समर्थला रामाच्या दर्शनाला न्यायचे. खाली झोपलो की मला तीच गाडी दिसायची. पांढरा बैल डावीकडे, आईच्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं, चाकांखाली मऊ फुफाटा, आणि उन्हातही सगळं थंड. गाडी वाटेतल्या चिंचेपर्यंत यायची तोच टोला पडायचा. मी उठायचो, मल्हारीच्या पाठीवर हात ठेवायचो, अर्धा घंटा लोखंड वळवायचो. पुन्हा उतरून डोळे मिटले, की गाडी त्याच चिंचेखाली थांबलेली असायची आणि वडील म्हणायचे, चला. सोळा वर्षं ती गाडी चालली होती आणि जांबला काही पोचली नव्हती. मल्हारीला मी एकदा हे सांगून बसलो, आणि मग रोज हौदावर त्याची चौकशी सुरू झाली.

"कुठवर गेली रे गाडी?"

"वढ्यापर्यंत."

"कालबी वढ्यातच व्हती."

"बैल पाणी पिऊन राह्यलेत."

"पिऊ दे, पिऊ दे. जल्दी कशाची हाये?"

मला खरोखर कशाचीच घाई नव्हती. अंगावर चट्टे होते, उन्हाळ्यात नाकातून रक्त यायचं, पण घरी जाताना सायकलवर मी शीळ घालायचो. आगीसमोर उभं राहून माणूस जळत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. वेळेवर उतरायला मिळालं तर माणूस आगीसमोरही ताजा राहतो.

मग जुने मिस्त्री थकले आणि शेठनी हातोडा माझ्या हातात दिला. पगार वाढला, टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, कंपनीचा मोबाइल मिळाला. चंद्रकलानं गल्लीत पेढे वाटले. मल्हारीनं माझ्या पाया पडण्याचं नाटक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'मिस्त्री, तुम्ही' म्हणायला लागला. मी म्हटलं, असं काय करतो? तो म्हणाला, गडी बघतेत, मिस्त्री. त्याला दुसरा जोडीदार मिळाला. मला कोणी मिळाला नाही, कारण मिस्त्रीला जोडी नसते. सगळ्यांना उतरवायचं काम माझं होतं, आणि मला उतरवायचं काम कुणाचंच नव्हतं. त्या वेळी मात्र हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तो मोबाइल म्हणजे भट्टीच होती, फक्त खिशात मावणारी. ट्रक का निघाला नाही, वीज कधी गेली, दोन गडी गावाला पळाले, खरेदीदार गेटवर बसलाय. रविवारी वाजायचा, न्हाणीत असताना वाजायचा. माझं घड्याळाशी लग्न लागलं. जेवतानाही मी मनात मोजत असायचो, आता टोल्याला किती मिनिटं राहिली. चंद्रकला ताटात भाकरी टाकत म्हणायची, "अवं, जेवून राह्यले का हजेरी लावून राह्यले?" मी तिच्यावर खेकसायचो. कुकरची शिट्टी झाली की मी पाटावरून उठायचो. आणि झोपेतली माझी बैलगाडी बंद पडली. डोळे मिटले तरी ना बैल, ना फुफाटा, नुसतं काळं.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात. लाल सळईला घाबरू नको, काळ्या सळईला घाबर. लाल लोखंड दिसतं, माणूस आपोआप दूर सरतो. पण निवत आलेली सळई वरून काळी पडते, थंड वाटते, आणि नवा माणूस तिच्यावर हात टेकतो. भाजणारे बहुतेक तिच्यावरच भाजतात. मी तेव्हा असा काळा पडलेला होतो. वरून सगळं ठीक, मिस्त्री कामाला वाघ, आणि आत हात लावायची सोय नाही. घरच्यांचे हात भाजले, ते मला कळायला फार उशीर झाला. त्याची मला अजून लाज वाटते.

याच काळात शेठनी कामगारांसाठी ताणतणावावर एक शिबिर ठेवलं. पुण्याहून एक तरुण मार्गदर्शक आले होते. भला माणूस. त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि सांगितलं, की आता दहा मिनिटं डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि मन शांत करायचा प्रयत्न करायचा. दोन मिनिटांत चाळीस गडी घोरायला लागले. प्रयत्न करायची सवयच नव्हती त्यांना, डोळे मिटले म्हणजे झोपलेच. मार्गदर्शक गोंधळून इकडे तिकडे बघत राहिले. त्या हॉलमध्ये जागी माणसं दोनच, ते आणि मी. त्यांना वाटलं, एवढाच विद्यार्थी लक्ष देऊन ऐकतोय. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन माझं कौतुक केलं. त्या हसण्यासारख्या गोष्टीवर मी घरी येऊन रडलो, आणि का रडतोय ते चंद्रकलाला सांगता आलं नाही.

मग तो दिवस आला. चैत्र होता, दुपारची वेळ. मिलचे पत्रे कडकड वाजत होते. मी टोला दिला, जोड्या बदलल्या, मल्हारी वर चढला. मी हातोडा हातात घेऊन खांबाला टेकून उभा होतो. उघड्या डोळ्यांनी. समोर केशरी सळया जात-येत होत्या. त्या जरा धूसर झाल्या, घरघर लांब गेली, आणि किती वर्षांनी पाटात पाणी सुटल्याचा आवाज आला.

गाडी चिंचेखाली होती. वडील म्हणाले, चला. ओढा आला, बैल पाणी प्यायले, ओढा मागं पडला. चढ आला, चढही मागं पडला. मी कधीच न पाहिलेलं वळण आलं, आणि त्याच्या पलीकडे जांबच्या देवळाचं शिखर दिसलं. गाडी थांबली. मी उतरलो. अनवाणी पायांना फरशी इतकी थंड लागली, की ती थंडी वर डोक्यापर्यंत गेली. आईनं गाठोडं सोडलं आणि म्हणाली, बस आता, पोचलो. मी बसलो. आयुष्यात एवढं शांत मला कधीच वाटलं नव्हतं.

आरोळीनं मी जागा झालो. घड्याळात बघितलं तर टोला देऊन सव्वा घंटा झाला होता.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल, की सव्वा घंटा आगीत उभं राहून एकाही गड्याला कसं कळलं नाही? खालचे का उठले नाहीत? खालचे कडुलिंबाखाली झोपले होते, टोल्याच्या भरवशावर. वरच्यांच्या मनगटावर घड्याळ नसतं. आणि टोल्याआधी 'झाला का वेळ' म्हणून मागं वळून बघणं आमच्यात हलकेपणाचं समजत. जोडीदारावर, मिस्त्रीवर विश्वास नाही असा त्याचा अर्थ. मल्हारीला कळत होतं की आज अर्धा घंटा फार लांबलाय. तरी तो पाठीवरच्या हाताची वाट बघत उभा राहिला. शेवटी त्याच्या हातातली ताकद संपली, चिमट्यातून सळईचं तोंड निसटलं, ती खाचेत न जाता वर उसळली आणि वेटोळं होऊन खाली आली. मल्हारी मागं सरला म्हणून जीव वाचला. डावा हात मात्र कोपरापासून मनगटापर्यंत भाजून निघाला.

मी शेठना खरं सांगितलं. ते म्हणाले, अंबादास, असं होतं कधीकधी, कामाला लाग. कुणी मला ओरडलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यात मी मल्हारीजवळ बसायचो, तेव्हा त्याची बायको जिजा वहिनी मलाच म्हणायच्या, भाऊजी, चहा घ्या, तोंड किती उतरलंय तुमचं. मी हातोडा सोडायचं ठरवलं होतं. पण सोडून काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून रोज जात राहिलो. आता मी खुर्चीवर बसत नव्हतो, खांबाला टेकत नव्हतो, घड्याळावरची नजर काढत नव्हतो. म्हणजे आणखी काळा पडत होतो.

दोन महिन्यांनी मल्हारी परत आला. हात बरा झाला होता, पण चिमटा पेलत नव्हता. शेठनी त्याला रोलखाली पडणारी लोखंडाची खपली झाडायचं हलकं काम दिलं. पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर मी टांगलेल्या रुळाजवळ उभा असताना माझ्या पाठीवर कुणीतरी तळहात ठेवला.

कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर तो हात पडला होता. मी वळून बघितलं नाही. माझा डावा पाय आपोआप मागं गेला. भाजून सुरकुतलेला एक हात पुढं आला आणि त्यानं माझ्या हातातून हातोडा काढून घेतला.

"उतर," मल्हारी माझ्या कानात ओरडला.

"अरे, मी मिस्त्री हाये, मला कसं..."

"अर्धा घंटा म्या मिस्त्री हाये. तू उतर. तो मोबाइलबी दे इकडं."

त्याच्या तोंडून 'तू' ऐकून माझे डोळे भरून आले. मी त्याला म्हटलं, मल्हारी, तुझा हात माझ्यामुळे... त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. "हाताचं मंग बोलू. तू आठ वर्षांपून वर हायेस, म्या बघून राह्यलो ना. मलाबी तव्हाच यायला पाह्यजे व्हतं. गडी काय म्हणतीन म्हणून आलो न्हाई. चूक दोघांची झाली. जा, पाय धू आधी."

मी पाय धुतले. ओलं फडकं मानेवर घेतलं. दोन घोट पाणी प्यायलो आणि मिलकडे पाठ करून टेकडीकडे बघत बसलो. स्वप्न पडलं नाही, नुसती झोप लागली, विहिरीत दगड पडावा तशी. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत रोज दुपारी अर्धा घंटा मल्हारी मिस्त्री होता. शेठना ते दिसायचं. ते बघून न बघितल्यासारखं करायचे. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता आम्ही दोघंही घरी बसलोय. मी जालन्यात, तो वाडीवर. गेल्या वर्षापासून मी दर सोमवारी हसनाबादच्या एसटीनं त्याच्याकडे जातो. त्याचं कारण सांगून थांबतो.

जिजा वहिनीला लकवा झाल्याचं फोनवर कळलं होतं. मुलगा पुण्यात कंपनीत, सून तिथंच. मल्हारी फोनवर म्हणायचा, सगळं बराबर हाये, तू काळजी करू नको. तरी मी एकदा न कळवता गेलो. दुपार होती. दारासमोर पत्र्याच्या सावलीत एक बाज, दोन शेळ्या. आत वहिनी पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, आणि मल्हारी उभ्यानं त्यांना वाटीतून मऊ भात भरवत होता.

"बस, अंबादास," तो म्हणाला. त्यानं मान वर केली तेव्हा मी चरकलो. चेहरा काळा पडला होता. ही सळई मी ओळखत होतो.

"झोपतो का नीट?"

"झोपतो की."

"खोटं... बोलतेत," वहिनी एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "शेजारच्या बाया... येतो म्हणतेत. हे... कोणाला हात... लावू देत न्हाईत."

मल्हारी वाटीत बघत म्हणाला, "एक डाव माहा डोळा लागल्ता. तेवढ्यात ही पलंगावरून खाली पडली. डोक्याला टाके पडले. तव्हापून म्या डोळा मिटत न्हाई." आणि माझ्याकडे बघून, "इथं टोला कोण देतं, मिस्त्री?"

त्याला काय सांगायचं ते मला एका क्षणात कळलं, आणि ते बोलून सांगण्यासारखं नव्हतं. मी उठलो. त्याच्या मागं गेलो आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. सदऱ्याखाली नुसती हाडं लागत होती.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याचा डावा पाय मागं गेला. मी उजवा पाय पुढं टाकला. कोमट वाटी त्याच्या हातातून माझ्या हातात आली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. दारातून मला दिसत होतं. त्यानं रांजणावर पाय धुतले. गमछा भिजवून मानेवर टाकला. दोन घोट पाणी प्यायला. मग बाजेवर घराकडे पाठ करून बसला, रानाच्या पार टोकाला बघत राहिला, आणि हळूच आडवा झाला.

मी वहिनींना भात भरवला, तोंड पुसलं, त्यांची उशी खाली केली. त्यांची नजर दाराकडेच होती.

"झोपले?"

"झोपला."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांचाही डोळा लागला. मी पलंगाच्या कडेला, त्या घसरल्या तर आडवा हात लागेल असा बसलो. मनगटावर मिलमधलंच घड्याळ होतं. पंचवीस मिनिटं झाली. अर्धा घंटा झाला. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा उजवा हात जागचा हलला, आणि मी तो मांडीवर परत ठेवला. आयुष्यात एकदा मी टोला द्यायला विसरलो आणि या माणसाचा हात कामातून गेला. त्या दुपारी मी विसरलो नव्हतो. मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं.

पत्र्याची सावली अंगणभर लांबली. शेळ्या ओरडून ओरडून गप्प झाल्या. ऊन बाजेच्या पायापर्यंत आलं आणि तिथून निघूनही गेलं. मल्हारी त्याच कुशीवर होता, बापासारखा, ढाराढूर. दिवस कलता कलता त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "अंबादास, टोला झाला का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो.